न बोललेला आकडा

१

"मिस स्वोबोदा, त्याला माझं घर सापडलं कसं, एवढंच शोधून द्या," तेरेसा फोनवर म्हणाली. आवाज अगदी बारीक, लेक शेजारीच झोपली असावी तसा. "मला दुसरं काही नको."

सोमवारची सकाळ होती. लायब्ररीचे दिवेसुद्धा मी अजून लावले नव्हते.

तेरेसा वोंद्रा आमच्याच मार्लो बेंड गावची मुलगी. नवऱ्याने, म्हणजे रॉयसने, दुसऱ्यांदा तिचा हात मोडला तेव्हा, जून महिन्यात, सहा वर्षांच्या पोझीला घेऊन ती निघून गेली. तीन तासांवर, पश्चिमेला. नेमकं कुठे ते फक्त कोर्टाला ठाऊक. स्वतःची गाडीही तिने इथेच सोडली आणि मावशीची निळी पिकअप घेतली, का तर रॉयसने ती कधी पाहिलेली नव्हती. एवढी काळजी घेऊनही गेल्या बुधवारी भर सकाळी रॉयस तिच्या दारात हजर. दार तोडलं मेल्याने. मायलेकी न्हाणीघराच्या खिडकीतून शेजाऱ्याकडे पळाल्या म्हणून वाचल्या. त्याला पकडलं आणि दोन दिवसांत जामिनावर सोडूनही दिलं.

"परवा सकाळी आम्हाला नवीन जागी नेणार आहेत," तेरेसा म्हणाली. "पण जुनी जागा ज्याने फोडली तो नवी फोडणार नाही कशावरून? तो कोण ते कळल्याशिवाय मी गाडी उभी कुठे करू? पोझीला शाळेत कशी घालू?"

"उद्या संध्याकाळपर्यंत सांगते," मी म्हणाले, आणि फोन ठेवून दिवे लावायला गेले.

आता हे मलाच का विचारायचं, तर त्याला कारण आहे. आमच्या रस्त्यांवर गाड्यांचे नंबर टिपणारे पोलिसांचे कॅमेरे आहेत, आणि ते इतर शेकडो गावांच्या कॅमेऱ्यांना जोडलेले आहेत. मशीनमध्ये गाडीचा नंबर टाका, ती महिनाभरात कुठे कुठे दिसली ते समोर येतं. कुणीही उठावं आणि कुणाचाही नंबर टाकावा असं चाललं होतं, म्हणून उन्हाळ्यात नगर परिषदेने नियम केला. शोध फक्त गस्तीवरच्या अधिकाऱ्यांनी आणि पोलीसप्रमुखाने घ्यायचा, प्रत्येक शोधाचं कारण लिहायचं, आणि शोधांची यादी दर महिन्याला गावातल्या एका नागरिकाने ओळन् ओळ वाचायची. नागरिक कोण, असं विचारल्यावर सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. "लेनोर वाचेल की! तिला याद्यांची सवय आहे."

सवय आहेच. एकतीस वर्षं ग्रंथपाल आहे मी. कुणी कोणतं पुस्तक नेलं ते शेरीफलासुद्धा सांगितलेलं नाही. पुस्तक परत आलं की त्याच संध्याकाळी नोंद पुसते. लोक मला खडूस म्हणतात, म्हणोत.

तेरेसाला मी शेवटचं पाहिलं ते नऊ तारखेला, गुरुवारी. तिची कोर्टाची तारीख होती, तोवर वेळ काढायला ती दुपारी लायब्ररीत येऊन बसली होती. पोझीने तोंड उघडून मला पुढची खिंड दाखवली. एक दात आदल्या दिवशी पडला होता आणि दुसरा त्याच सकाळी, गाडीत. तेरेसा एकदा पिकअपचे दिवे बंद करायला धावत बाहेर गेली तेवढीच, बाकी दोघी कोपऱ्यात पुस्तक उघडून बसून होत्या. जाताना पोझीने ते पुस्तक सोबत नेलं.

शुक्रवारपासून टेबलावर पडलेली यादी मी ओढून घेतली. तीनशे बारा शोध होते. जवळजवळ सगळ्यांपुढे कारण एकच, "तपास". आणि मग नऊ तारखेच्या दुपारी ह्या दोन ओळी:

चार वाजून बारा मिनिटं. ४७-बी-२०६. कारण: खुशाली.

चार वाजून चौदा मिनिटं. बी-२०६, निळी पिकअप, कोणताही जिल्हा. कारण: खुशाली.

दोन्हींपुढे नाव एकच होतं, अधिकारी ब्रँट केसलर.

२

केसलर जेवणाच्या सुट्टीत रोज लायब्ररीत येतो, मासेमारीची मासिकं चाळतो आणि पानांवर मोहरी सांडतो. मी यादी त्याच्यापुढे आपटली.

"हे काय आहे?"

त्याने वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. "बाई, हे मी नाही केलेलं."

"नाव तुझं आहे."

"नाव माझं असेल. पण चार वाजता मी हायवेवर डुकरं पकडत होतो! ट्रक उलटला होता ना त्या दिवशी, विसरलात? अख्ख्या गावाने माझे फोटो काढले."

"तुझ्या गाडीतही मशीन आहे. तुझे साहेब तेच म्हणतील."

"साहेबांचं म्हणूनही झालंय." त्याने सँडविच खाली ठेवलं. "नगर परिषदेच्या उद्याच्या बैठकीत मला काढायचं ठरलंय. ऑफिसातलं मशीन मी माझ्या नावाने उघडंच टाकून गेलो होतो, ती चूक माझी. सगळेच टाकतात, पण चूक ती चूक. त्या बाईचा नंबर मात्र मी शोधला नाही. मला तर हे पुढचे सत्तेचाळीस कशाला तेही कळत नाही."

"म्हणजे?"

"सत्तेचाळीस म्हणजे आपला जिल्हा, एवढं आता कळतं. पण गाडीवर पाटी असेल तशी मी टाकतो. तुम्ही लोक नुसतं 'सी एकशे दहा' म्हणता आणि मी आपला सी एकशे दहाच टाकत बसतो! पहिल्या वर्षी सगळं ठाणं मला हसायचं."

मी त्याच्याकडे बघतच राहिले. केसलर न्यू जर्सीहून आलेला. तिकडे पाटीवर जिल्ह्याचा आकडा नसतो. आमच्याकडे पोर चालायला लागलं की आकडे ओळखतं. सत्तेचाळीस म्हणजे आपण, एकाहत्तर म्हणजे पश्चिमेकडचे, बारा आली की समजायचं, ह्यांना गाडी चालवता येत नाही. आणि आपापसात नंबर सांगताना आपलं सत्तेचाळीस कुणी उच्चारत नाही. बोलताना ते गाळायचं आणि लिहिताना हात आपोआप घालतो, असा आमचा इथला रिवाज आहे.

तेरेसाच्या मावशीची पिकअप एकाहत्तरची होती. मग ज्याने पहिल्या ओळीत सत्तेचाळीस घातलं, त्याला खरा आकडा ठाऊकच नव्हता. त्याच्या हाताने तो सवयीने घातला होता. तो माणूस बाहेरून आलेला नव्हता, आमच्यातलाच कुणीतरी होता.

३

पोलीसप्रमुख ग्रॅहम टफ्ट खुर्चीत मागे रेलून बसला होता. नवा नियम झाल्यापासून तो माझ्याशी दात दाखवून बोलतो.

"लेनोरबाई, केसलरवर संपवा ना हे. माणूस बाहेरचा आहे, कुणाला वाईट वाटायचं नाही."

"मला वाटेल. तेरेसाच्या पिकअपचा नंबर ह्या ठाण्यात कुणाकुणाला माहीत होता?"

"मला. तिच्यापासून लांब राहायचा कोर्टाचा कागद रॉयसला मीच नेऊन दिला. तिची माहिती वेगळ्या पाकिटात, ते माझ्या कपाटात." त्याने पाकीट काढून लांबूनच दाखवलं. "काय आहे बघा. एकाहत्तर, बी, दोनशे सहा."

"एकाहत्तर," मी म्हणाले.

"हो, मग?"

"मग काही नाही. तुम्ही नाही आहात, एवढं कळलं."

"उपकार झाले!" टफ्ट लालबुंद झाला. खरं सांगायचं तर तोच असावा अशी माझी फार इच्छा होती. पण ज्याच्या कपाटात एकाहत्तर लिहिलेलं आहे तो सत्तेचाळीस कशाला घालेल?

"आणि हे खुशाली म्हणजे काय?" मी विचारलं.

"खुशाली म्हणजे... म्हातारी फोन उचलत नाही, जरा जाऊन बघा, असे फोन येतात ना, ते. आमचे लोक यादीत कधी लिहीत नाहीत असलं."

दार ढकलून फर्न होगन कॉफी घेऊन आली. फर्न नियंत्रण कक्षात फोनवर बसते, बावीस वर्षं झाली. आणि शाळेपासून माझी मैत्रीण आहे. माझ्या आईच्या शेवटच्या आठवड्यात माझ्या घरी जिने भांडी घासली ती फर्न.

"अगं लेनी, किती वाळलीस! जेवतेस की नाही?" तिने माझ्यापुढे कप ठेवला, दोन साखर, न विचारता. "तेरेसाचंच चाललंय ना? मला तर बाई झोप नाही. ती पोर खिडकीतून पडली असती म्हणजे! एवढीशी ती, पुढच्या दोन दातांचासुद्धा पत्ता नाही अजून."

"ब्रँटचं कठीण आहे," टफ्ट म्हणाला.

फर्नने ट्रे उचलला आणि बाहेर गेली.

ठाण्याच्या पायऱ्या उतरताना मी दुसरी ओळ पुन्हा वाचली. निळी पिकअप, कोणताही जिल्हा. म्हणजे सत्तेचाळीस टाकल्यावर भलतीच गाडी आली, आणि शोधणाऱ्याला ती भलती आहे हे लगेच कळलं, कारण त्याने खरी गाडी पाहिली होती. गाडी पाहिली, रंग पाहिला, पण पाटी पाहिली नव्हती. मग बी दोनशे सहा आलं कुठून? एकच उत्तर होतं. त्याने ते ऐकलं होतं.

पण तेरेसाच्या पिकअपचा नंबर ह्या गावात मोठ्याने बोललं कोण?

४

रात्रभर मी त्या प्रश्नाशी झुंजले. कोर्टातला कारकून? तो मुका असल्यासारखा वागतो. तेरेसा स्वतः? ती तर सावलीलाही नंबर सांगणार नाही.

मंगळवारी सकाळी अकरा वाजता मी नेहमीसारखी पुस्तकपेटी रिकामी करायला बाहेर गेले. कडेला एक तपकिरी मोटार उभी होती, दिवे चालू, आत कुणी नाही. मी आत आले, टेबलावर पुस्तकं टाकली आणि एकतीस वर्षं ओरडते तशी ओरडले, "ए चारशे चाळीस! दिवे चालू राहिलेत!"

वर्तमानपत्रामागून एक म्हातारबुवा उठले. "आलो आलो, थँक्यू हं लेनोर."

मी तिथेच उभी राहिले. 

ए चारशे चाळीस, म्हणे. आकडा गाळून.

त्या नऊ तारखेला, गुरुवारी दुपारी दोनच्या सुमाराला, मी अशीच पुस्तकपेटी रिकामी करायला गेले होते. निळी पिकअप होती, दिवे चालू. पाटीवर एकाहत्तर होतं, मी माझ्या डोळ्यांनी वाचलं होतं. आणि आत येऊन ओरडले होते, "बी दोनशे सहा! दिवे!" तेरेसा धावत गेली होती ती माझ्याच ओरडण्यावर.

जी बाई कुणाच्या पुस्तकाचं नाव शेरीफला सांगत नाही, तिने ह्या गावात लपून आलेल्या पोरीच्या गाडीचा नंबर भर लायब्ररीत ओरडून सांगितला होता. अगं लेनोर, काय केलंस हे तू!

रडायला वेळ नव्हता. त्या दुपारी आत कोण होतं? परत आलेल्या पुस्तकांवरून कळलं असतं, पण त्या नोंदी मीच पुसलेल्या. मी डोळे मिटले. कोपऱ्यात तेरेसा आणि पोझी. टेबलाशी वर्तमानपत्रवाले दोघे, त्यांचा पोलिसांशी काही संबंध नाही. आणि हीटरजवळच्या खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून, तीनच्या पाळीवर जायच्या आधी ऐकायच्या कादंबऱ्या बदलायला आलेली कुणीतरी. त्या खिडकीतून कडेच्या गाड्यांची फक्त बाजू दिसते, पाटी दिसत नाही.

पुढच्या दोन दातांचासुद्धा पत्ता नाही अजून.

दुसरा दात त्याच गुरुवारी सकाळी पडला होता. त्यानंतर पोझीला ह्या गावात पाहिलं ते कोर्टातल्या बंद खोलीने आणि माझ्या लायब्ररीने. फर्न कोर्टात नव्हती.

मी दाराला कुलूप घातलं. कामाच्या दिवशी, दुपारी बारा वाजता, मी लायब्ररी पहिल्यांदाच बंद केली.

५

फर्न स्वयंपाकघरात होती. ओट्यावर कोलाचे, म्हणजे जर्दाळू भरलेले गोड पाव, गार होत होते, आणि तिने माझ्याकडे पाहिलं मात्र, हातातलं फडकं खाली ठेवलं.

"खुशाली," मी म्हणाले. "हा शब्द गस्तीवाले लिहीत नाहीत फर्न. फोन घेणारी माणसं लिहितात."

ती खुर्चीत बसली. 

"मेव्हिससाठी केलं," ती शेवटी म्हणाली. मेव्हिस म्हणजे रॉयसची आई. दोघी चर्चमध्ये एका बाकावर बसतात, दर बुधवारी गोधड्या शिवतात. "चार महिने तिला नातीचं तोंड दिसलं नव्हतं गं. त्या दुपारी कामावर जाताना ती भेटली, मी नुसतं म्हटलं, तुझी पोझी बघितली, छान आहे. तर माझे हात धरून रडायला लागली. वाढदिवसाला गोधडी शिवली होती तिने. कुठे पाठवू म्हणाली. त्यात काय वाईट होतं?"

"मग मशीनवर बसलीस."

"बावीस वर्षं मी नंबर काढून देतेय लेनी! बर्फात अडकलेले, हरवलेले, सगळे मी शोधले. आणि आता म्हणे फर्नला परवानगी नाही. ब्रँटचं मशीन उघडं होतं. दोन मिनिटांचं काम." तिने ॲप्रनच्या टोकाशी चाळा केला. "रोज सकाळी आठला शाळेच्या कोपऱ्यावर दिसायची पिकअप. मी फक्त गावाचं आणि शाळेचं नाव दिलं. मेव्हिसला दिलं! रॉयसला नाही दिलं."

"मेव्हिसने ते कुठे ठेवलं?"

फर्नने मान खाली घातली. "फ्रीजवर चिकटवलं. गोधडी पाठवायचं विसरायला नको म्हणून."

रॉयस रोज आईकडे जेवायला जातो हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. शाळेपासून पोझीच्या मागे घरापर्यंत जाणं त्याला कठीण नव्हतं.

"हे समजलं कधी तुला?"

"त्याने दार तोडलं त्याच दिवशी."

"आणि काल टफ्ट म्हणाला ब्रँटचं कठीण आहे, तेव्हा तू ट्रे उचलून गेलीस."

आता ती रडायला लागली. "माझी तीन वर्षं राहिलीत गं निवृत्तीला. त्याला कुठेही नोकरी मिळेल. लेनी, तू फक्त... त्या दोन ओळी तू पाहिल्याच नाहीस, असं नाही का होणार? तीनशे ओळी आहेत. मी परत कधीच करणार नाही. तुझ्या आईची शपथ."

माझ्या आईचं नाव काढायला नको होतं तिने. मला तिला थोबाडीत मारावीशी वाटली आणि जवळ घ्यावंसंही वाटलं, आणि मी दोन्ही केलं नाही.

"सहाला बैठक आहे," मी म्हणाले. "तू सांग, नाहीतर मी सांगेन."

६

सभागृह गच्च भरलं होतं. केसलर भिंतीला टेकून उभा होता, गणवेश इस्त्री केलेला, चेहरा पांढरा. फर्न तिसऱ्या रांगेत बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. टफ्टने केसलरचं नाव घेतलं, बेजबाबदार म्हणाला, बाहेरचा म्हणाला, आणि मग अध्यक्षांनी मला विचारलं.

मी दोन्ही ओळी वाचल्या. म्हणाले, "ह्यातलं सत्तेचाळीस बघा. केसलरला ते सुचणारच नाही. प्रमुखसाहेबांच्या कपाटात खरा आकडा लिहिलेला आहे. हे सत्तेचाळीस इथेच जन्मलेल्या माणसाने घातलंय. ज्याने गाडी पाहिली, पण नंबर फक्त ऐकला, अशाने."

मग मी थांबले. फर्नकडे पाहिलं नाही. 

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी केलं," फर्न म्हणाली. "ब्रँट नव्हता तिथे. मी केलं." मागून मेव्हिसच्या तोंडून एक विचित्र आवाज निघाला, आणि कुणीतरी तिला धरून बाहेर नेलं.

सगळे एकदम बोलायला लागले. टफ्टने केसलरकडे बघायचं टाळलं. अध्यक्षांनी मेजावर हात आपटला आणि "धन्यवाद, मिस स्वोबोदा, तुमचं काम झालं" असं म्हणाले.

"झालं नाही," मी म्हणाले. "फर्नने तो नंबर ऐकला कुणाकडून, ते कुणी विचारलं नाही मला."

आणि मी सांगितलं. लायब्ररी, पुस्तकपेटी, दिवे, सगळं. माझा आवाज मध्येच फुटला तो फुटलाच. फर्नने वळून माझ्याकडे पाहिलं. हे मी सांगेन असं तिला वाटलं नव्हतं बहुतेक. त्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाने तसेच नंबर ओरडलेले होते, आकडा गाळून, चांगुलपणाने.

बाहेर आल्यावर मी गाडीत बसून तेरेसाला फोन लावला. काही लपवलं नाही. फर्नचं सांगितलं, मेव्हिसच्या फ्रीजचं सांगितलं, फर्नचं काम आजच काढून घेतलं ते सांगितलं. आणि म्हणाले, "नंबर मात्र तिला मी दिला. मी ओरडले होते ना तुझ्या दिव्यांचं."

पलीकडे पोझी कसलंतरी गाणं म्हणत होती, दातांच्या खिंडीतून हवा जात होती.

"आठवतंय," तेरेसा म्हणाली. "मी तुम्हाला थँक्यू म्हणाले होते."

मी डोळे पुसत बसले.

"मिस स्वोबोदा," ती थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही हे सांगितलं नसतं तरी चाललं असतं. कुणाला कळलंच नसतं. एका तरी माणसाला आम्ही कुठे आहोत ते माहीत असावं असं मला फार वाटतं. एकटं वाटतं हो. उद्या आम्ही जातोय ना, ते गाव म्हणजे..."

"नको!" मी इतक्या जोरात म्हणाले की तिकडे पोझीचं गाणं थांबलं. "मला सांगू नकोस, तेरेसा. मलासुद्धा नाही."

ती मग म्हणाली, "बरं."

"पोझीचं पुस्तक राहू दे तिच्याकडेच," मी म्हणाले. "त्याची नोंद मी पुसून टाकते."

फोन ठेवून मी गाडीतून उतरले, लायब्ररीचं कुलूप काढलं आणि आधी ते काम केलं.